चिठ्ठी डिसेंबरातली, गोळ्या मे महिन्यातल्या
लेखमाला : म्हातारपण आणि औषधपाणी, भाग ७

गोळ्यांचा डबा नीट भरला, एकही गोळी चुकली नाही, तरी आपल्याकडे मे महिन्यात म्हातारं माणूस उठता उठता भोवंड येऊन पडतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तारीख असते, ऋतू नसतो. डिसेंबरात बसवलेला बीपीचा डोस अकोल्याच्या ४५ अंशांत जास्त होऊ शकतो. २०२४च्या मे अखेरीस तर उन्हापायी अकोला जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता.

उन्हात शरीर स्वतःला गार ठेवायला कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतं. घामावाटे पाणी जातं, मीठही जातं. दाब आपोआप उतरतो. वयामुळे तहानही मंदावलेली असते. त्यात रोज सकाळी लघवी वाढवणारी गोळी! ती आपण घेतो हेच अनेकांना ठाऊक नसतं, कारण ती वेगळी नसते. टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळीच्या पत्त्यावर नावापुढे बारीक ‘एच’ असतो, तो बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइडचा. पत्ता उलटा करून त्यात कोणकोणती औषधं आहेत ते वाचा. या गोळीने रक्तातलं सोडियम घसरलं, तर माणूस सुस्तावतं, असंबद्ध बोलतं, ताट सरकवतं. घरचे म्हणतात, आता वय झालं. कधीकधी ते वय नसतं, साध्या रक्ततपासणीत सापडणारी गोष्ट असते.

आणखी एक गोळी गुडघ्यांपायी येते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफेनॅक. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि ही, तिघी वेगवेगळ्या वाटांनी मूत्रपिंडावर ताण आणतात. अंगातलं पाणी आटलेलं असताना तिन्ही एकत्र आल्या, तर काही दिवसांतच मूत्रपिंडाचं काम ढासळू शकतं. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यात हे जास्तच जपायला हवं. पूर्णेच्या खोऱ्यातलं भूजलच खारं, आणि मूत्रपिंडाच्या आजारांची ओरड त्या गावांतून वर्षानुवर्षं आहे. मीठ कमी करायला सांगितलेली आजी भाजी अळणी खाते आणि बोअरचं पाणी पिते. डॉक्टरांना हे पाणी कोण सांगणार? तुम्हीच सांगा.

म्हणून एप्रिल लागताच एकदा डॉक्टरांकडे जाऊन या. मनाने गोळी तोडू नका. हृदय कमकुवत असलेल्याची लघवीची गोळी अचानक थांबली तर पायावर सूज येऊ शकते, छातीत पाणी साचू शकतं. जाताना चार-सहा दिवसांचे आकडे न्या. आधी बसून मोजायचं, मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर तेच डॉक्टरांना पहिलं सांगा. पुण्याहून व्हिडिओ कॉल करणारी मुलं रोज ‘बाबा, गोळी घेतली का?’ एवढंच विचारतात. त्यांनी ‘उभं राहून किती आलं?’ हेही विचारावं.

इन्सुलिनची गोष्ट वेगळी. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. वापरात असलेली बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकते, पण मे महिन्यात आपल्या खोल्या रात्रीही तेवढ्या उतरत नाहीत. तीही फ्रिजमध्येच बरी, मात्र फ्रीजरला चिकटून नको. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. लाईन गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. फ्रिज नसेल तिथे मोठ्या मडक्यात ओली रेती, त्यात लहान मडकं, आत घट्ट झाकणाच्या डबीत बाटली आणि वरून ओलं फडकं. वऱ्हाडाच्या कोरड्या उन्हात ही युक्ती छान चालते. पावसाळी दमट हवेत पाणी उडत नाही आणि कूलरसारखं मडकंही निकामी होतं. तेव्हा आत एक साधा थर्मामीटर ठेवलेला बरा.

मृग बरसल्यावर पुन्हा एक फेरी मारावी लागते, आणि नेमकी हीच राहून जाते. उन्हाळ्यात कमी केलेला डोस तसाच चालू राहतो, हवा गार होते, दाब पुन्हा चढतो. एप्रिलच्या चिठ्ठीवरच डॉक्टरांकडून जूनची तारीख लिहून घ्या.

(पुढच्या आठवड्यात : श्रावणी सोमवार, एकादशी आणि शुगरची गोळी)