साहेबांना सांगायचं कसं?

लसीकरण सत्राचा दिवस. समजा, लोहारा तालुक्यातल्या एका गावात आरोग्यसेविकेने व्हॅक्सिन कॅरिअर उघडला आणि तिच्या लक्षात आले, की सकाळच्या घाईत बर्फाचे पॅक डीप फ्रीझरमधून काढून तसेच भरले गेले. खरे तर पॅक काही वेळ बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मगच ते भरायचे असतात. पेंटाव्हॅलेंट, हिपॅटायटिस-बी यांसारख्या लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. त्या एकदा गोठल्या की वाया जातात. ही बाब कळवली नाही, तर उरलेल्या कुप्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परत जातील आणि पुढच्या सत्रात दुसऱ्या बाळांना टोचल्या जातील.

ती साहेबांना फोन करील का? मागच्या वेळी चूक सांगितली तेव्हा साहेब काय म्हणाले होते, यावर ते ठरते.

हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. तो १९९६मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदींत मात्र त्या जास्त दिसल्या. त्याचे एक स्पष्टीकरण असे, की जिथे प्रमुख परिचारिकेशी मोकळेपणाने बोलता येत होते, तिथे चुका सांगितल्या जात होत्या. इतरत्र त्या दडपल्या जात होत्या. बोलल्यामुळे अपमान किंवा शिक्षा होणार नाही, या विश्वासाला मानसशास्त्रात ‘मानसिक सुरक्षितता’ म्हणतात.

धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशाताई; तिच्या पुढे गटप्रवर्तक, आरोग्यसेविका, वैद्यकीय अधिकारी, तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकारी. खालून निघालेली वाईट बातमी प्रत्येक पायरीवर थोडी सौम्य होते. शेवटी वर पोहोचते ते ‘सगळं ठीक आहे, साहेब.’

‘कधीही या, दार उघडंच आहे’ एवढे म्हटल्याने हे बदलत नाही. पुढच्या गोष्टींनी मात्र फरक पडतो.

• वाईट बातमी ऐकल्यावर पहिले वाक्य ‘बरं झालं, लगेच सांगितलंत’ हे असू द्या. कारणांची चौकशी नंतर.

• ‘काही अडचण नाही ना?’ असे विचारले, की उत्तर ‘नाही’च येते. त्याऐवजी ‘या आठवड्यात काय अडलं?’ असे विचारा.

• व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर्वांदेखत झापू नका. एकाला बोललात तरी गप्प सगळेच होतात.

• महिन्याच्या बैठकीवर विसंबू नका. उपकेंद्रात जा, तिथे बसून ऐका.

• मागणी पूर्ण होणार नसेल, तर तसे कारणासह कळवा. उत्तरच आले नाही, तर माणूस पुन्हा विचारत नाही.

याचा अर्थ साहेबांनी चोवीस तास फोन उचलावा, असा नाही. तातडीचे काय ते ठरवून द्यावे, बाकीच्यासाठी रोजची एक वेळ ठेवावी आणि ती पाळावी. तसेच हलगर्जीपणाला माफी द्यावी, असेही नाही. मात्र चूक करणे आणि चूक सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांगणाऱ्यालाच शिक्षा झाली, तर पुढची गोठलेली कुपी कोणीच दाखवणार नाही.