मातीवरची कबड्डी आणि मॅटवरची कबड्डी



खेळांतील विज्ञानाविषयी प्रश्न पाठवा असे आम्ही कळवले, तेव्हा क्रिकेटच्या चेंडूविषयीच पत्रे येतील अशी माझी अटकळ होती. आली ती बहुतेक कबड्डीची. याचा मला मनापासून आनंद झाला, कारण मी राहतो त्या भिवंडीजवळच्या अंजूर परिसरात हा खेळ घराघरांत आहे. एकीकडे गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग आणि दुसरीकडे भातकापणी झालेल्या शेतात चुन्याने आखलेले कबड्डीचे मैदान, हे दृश्य आमच्याकडे नवे नाही. आमच्या वाडवडिलांच्या तोंडी या खेळाचे नाव हुतूतू.

अकरावीतला एक विद्यार्थी लिहितो, "गावच्या मैदानावर मला सहसा कोणी पकडू शकत नाही. पण कॉलेजच्या निवडचाचणीत मॅटवर पहिल्याच चढाईत पकडला गेलो. मॅटवर पाय अडकल्यासारखा वाटतो. माझे चुकते कोठे?" याच पत्राचे उत्तर आज सविस्तर देणार आहे. इतर प्रश्न त्याच्या आधाराने सुटतील.

धावणारा माणूस पुढे जातो तो कशामुळे? पाय जमिनीला मागे ढकलतो आणि जमीन पायाला पुढे ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही पाठ केलेला आहेच. पण जमिनीने पुढे ढकलायचे तर पाय आणि जमीन यांच्यात घर्षण हवे. तेलकट फरशीवर न्यूटन कितीही बरोबर असला तरी तुम्ही जागच्या जागीच राहाल. वेग घेणे, थांबणे आणि वळणे या तिन्ही गोष्टी घर्षणाच्या जिवावर चालतात.

घर्षण किती, हे सांगण्यासाठी एक आकडा वापरतात, त्याला घर्षणांक म्हणतात. सपाट जमिनीवर ७० किलोग्रॅमच्या खेळाडूचे वजन सुमारे ६८६ न्यूटन असते. घर्षणांक ०.४ असेल तर घर्षणबल जास्तीत जास्त वजनाच्या ०.४ पट, म्हणजे सुमारे २७५ न्यूटन मिळेल. घर्षणांक ०.८ असेल तर त्याच्या दुप्पट. कोरड्या भुरभुरीत मातीवरच्या अनवाणी पायासाठी आपण ०.४ धरू आणि मॅटवरच्या रबरी तळाच्या बुटासाठी ०.८ धरू. हे आकडे हिशेबापुरते घेतले आहेत. खरे आकडे शेवटी तुम्हीच मोजणार आहात.

आता समजा, आपला चढाईपटू सेकंदाला ४ मीटर या वेगाने आत शिरला आणि त्याला थांबायचे आहे. थांबण्यास लागणारे अंतर काढायचे तर वेगाच्या वर्गाला घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागायचे. मातीवर उत्तर येते सुमारे दोन मीटर. मॅटवर येते एक मीटर. म्हणजे मॅटवर निम्म्या जागेत थांबता येते. मग खेळ सोपा व्हायला हवा! आमच्या या मित्राला तो अवघड का गेला?

याचे कारण त्याच्या शरीराच्या कलण्यात आहे. थांबताना आपण नकळत मागे रेलतो. न रेललो तर पाय थांबेल, पण वरचे शरीर जडत्वामुळे पुढे जात राहील आणि आपण तोंडावर पडू. बस एकदम थांबली की उभ्या प्रवाशाचे जे होते तेच. किती रेलायचे, हे घर्षणावर ठरते. ०.४ घर्षणांकाचा पुरेपूर वापर करायचा तर उभ्या रेषेपासून सुमारे २२ अंश कलावे लागते, आणि ०.८ चा वापर करायचा तर सुमारे ३९ अंश. ज्याने दहा वर्षे मातीवर खेळून २२ अंशांची सवय अंगात मुरवली आहे, त्याचा पाय मॅटवर पडताच करकचून थांबतो, अंग मात्र २२ अंशांच्याच हिशेबात असते. पाय अडकल्यासारखा वाटतो तो यामुळे. तोल सावरण्यात त्याचा पाव सेकंद जातो, आणि कोपऱ्यातल्या रक्षकाला तेवढा वेळ पुष्कळ होतो. सेकंदाला ५ मीटरच्या वेगाने तो तेवढ्यात सव्वा मीटर पुढे आलेला असतो.

तेव्हा तुझे चुकते असे काही नाही. तुझ्या शरीराने मातीचे गणित अचूक सोडवले आहे. मॅटचे गणित निराळे आहे आणि ते नव्याने सोडवावे लागेल. गुडघे अधिक वाकवून कंबर खाली आणणे, एका मोठ्या पावलाऐवजी दोन-तीन छोट्या पावलांत थांबणे, एवढ्याने सुरुवात कर.

मात्र हे शिकताना एक धोका आहे, आणि त्याबद्दल मला थोडे थांबून लिहायचे आहे.

मातीवर अनवाणी पाय रोवून तुम्ही गर्रकन वळलात तर पायाखालची माती थोडी सरकते, आणि पायही तिच्याबरोबर फिरतो. मॅटवर बुटाचा तळ सहजी फिरत नाही. मांडी आणि धड वळते, पाऊल जागीच राहते. मग हा पीळ घ्यायचा कोणी? मध्ये सापडतो तो गुडघा. गुडघा म्हणजे दाराच्या बिजागरीसारखा सांधा. मुख्यतः पुढेमागे हलण्यासाठी घडलेला. त्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना छेदणारे दोन अस्थिबंध असतात. त्यांपैकी पुढचा अस्थिबंध नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही आणि पीळही आवरतो. पाऊल अडकलेले, गुडघा जवळजवळ सरळ आणि शरीर वळते आहे, अशा क्षणी तो तुटू शकतो. कोणाचा धक्का लागावा लागतो असेही नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा असाच मॅटवर वळताना बसला. जवळ कोणी नव्हते. "सर, आत टक् असा आवाज झाला," असे तो म्हणाला. गुडघ्यावर गार फवारा मारून "उद्या बरे वाटेल, ये खेळायला," असे सांगणाऱ्यांत मीही होतो. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने तरी पीळ म्हणजे काय हे ओळखायला हवे होते. दुसऱ्या दिवशी तो खेळला आणि गुडघा पुन्हा निसटला. शस्त्रक्रिया झाली, वर्ष गेले. म्हणून शिक्षक बंधुभगिनींना विनंती आहे. आवाज आल्याचे खेळाडूने सांगितले, काही तासांत गुडघा सुजला किंवा पायावर भार देताना गुडघा निसटू लागला, तर त्याला खेळवू नका, अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या. आणि सरावाआधी दहा-पंधरा मिनिटे उडी मारून वाकलेल्या गुडघ्यांवर उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळकटी देणे असे व्यायाम घ्या. अशा व्यायामांनी या दुखापती कमी होतात हे अनेक खेळांत दिसून आले आहे.

मग मॅट वाईट का? तसे नाही. पडण्याच्या बाबतीत मॅट दयाळू आहे. ९० सेंटिमीटर उंचीवरून पडलेले शरीर टणक जमिनीवर एका सेंटिमीटरमध्ये थांबले तर सरासरी बल वजनाच्या सुमारे ९० पट होते. तीन सेंटिमीटरमध्ये थांबले तर सुमारे ३० पट. शिवाय कोपर-गुडघे सोलवटत नाहीत. माझ्या कोपरांवर मातीच्या मैदानाच्या खुणा अजून आहेत.

आता नववीतल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न: "एवढा दणकट गडी नुसता घोटा धरला की पडतो कसा?"

कोणत्याही वस्तूला उलथवण्यासाठी बल किती, याइतकेच ते कोठे लावले हेही महत्त्वाचे. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास, जमिनीपासून सुमारे एक मीटरवर असतो. मध्यरेषेकडे धाव घेणाऱ्या चढाईपटूचा घोटा धरला की पाऊल थांबते, पण एक मीटर उंचीवरचा गुरुत्वमध्य पुढे जातच राहतो. घोटा ही जणू बिजागरी होते आणि सगळे शरीर तिच्याभोवती फिरून खाली येते. रक्षकाला त्याला पाडावे लागतच नाही. चढाईपटूचा स्वतःचा वेगच त्याला पाडतो. म्हणून साठ किलोचा रक्षक ऐंशी किलोच्या गड्याला लोळवतो.

पण घोटा कोठे धरावा, यात खरी गंमत आहे. १ मीटर ७० सेंटिमीटर उंचीचा माणूस हात पुढे पसरून आडवा पडला तर घोट्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सुमारे २.१ मीटर भरतो. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदानरेषा ३.७५ मीटरवर आणि बोनसरेषा ४.७५ मीटरवर असते. निदानरेषेवर घोटा धरला तर पडलेल्या चढाईपटूचा हात मध्यरेषेला सुमारे १.६५ मीटर कमी पडेल; बोनसरेषेवर धरला तर २.६५ मीटर. आणि मध्यरेषेपासून दोन मीटरच्या आत धरला तर? पडता पडता बोटे रेषेला लागतील आणि धरणारे सगळे बाद! म्हणून जाणता कोपरारक्षक घाई करत नाही, चढाईपटूला आत येऊ देतो. मुलींच्या मैदानात निदानरेषा मध्यरेषेपासून ३ मीटरवर असते. तेव्हा, विद्यार्थिनी मैत्रिणी, तुझ्या संघासाठी हा हिशेब तूच करून पाहा. घोटापकड तुमच्याकडे थोडी अधिक जोखमीची का ठरते ते ध्यानात येईल.

एका शिक्षकांनी विचारले आहे की वरिष्ठ पुरुष गटात ८५ किलोची आणि महिला गटात ७५ किलोची वजनमर्यादा कशासाठी. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. तोच वेग असताना ८५ किलोच्या खेळाडूला अडवायला ६० किलोच्या खेळाडूपेक्षा जवळजवळ दीडपट बल लागते. मर्यादा नसती तर कौशल्यापेक्षा आकारमानच जिंकले असते. पण वर आपण थांबण्याचे अंतर काढले, तेव्हा त्यात वस्तुमान कोठेच आले नव्हते हे पाहिलेत का? ते हिशेबातून गळून पडते. घर्षणाने थांबण्याच्या आणि वळण्याच्या बाबतीत किडकिडीत मुलगा कोणापेक्षाही कमी नाही.

शेवटचा प्रश्न अनेकांनी केला आहे. कॉलेजचा खेळाडू व्यावसायिक होऊ शकतो का?

आपल्याकडे 'व्यावसायिक संघ' या शब्दाचा अर्थ पूर्वीपासून थोडा निराळा आहे. बँका, रेल्वे, पोलीस, मोठ्या कंपन्या खेळाडूला नोकरी देत आणि तो त्यांच्या संघातून खेळे. पगार नोकरीचा, खेळ जोडीला. २०१४ च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि केवळ खेळण्याचे पैसे मिळू लागले. पहिल्या लिलावातली सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती; २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईला २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाख मिळाले. १ मार्च २०२४ रोजी अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवले, तेव्हा आमच्याकडे फटाके वाजले.

हे सारे खरे. पण बेरीज-गुणाकारही करू. लीगमध्ये संघ १२. एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू धरले तरी जागा ३००, आणि त्यांत परदेशी खेळाडूही आले. साऱ्या देशातले तरुण या तीनशे जागांसाठी झगडतात. त्यातून गुडघा हा असा अवयव की एका वळणात सगळा हिशेब बदलतो. व्यावसायिक संघाजवळ त्यासाठी भौतिकोपचारतज्ज्ञ असतो; कॉलेजच्या संघाजवळ बहुधा फवाऱ्याची बाटली असते. दोघांतला मोठा फरक मला विचाराल तर हाच. म्हणून खेळा, जिवाचे रान करून खेळा. पण बारावीचा फॉर्म भरायचा राहू देऊ नका.

आता मोजमापाकडे वळू. शाळेच्या प्रयोगशाळेतून तानकाटा मागून घ्या. एका बुटात दोन किलोचे वजन ठेवा, बूट तानकाट्याला अडकवा आणि जमिनीला समांतर हळूहळू ओढा. बूट हलण्याच्या क्षणी काटा किती दाखवतो ते लिहून ठेवा. त्या आकड्याला बूट आणि वजन यांच्या एकूण भाराने भागले की घर्षणांक मिळाला. हा प्रयोग कोरड्या मातीवर, पाणी शिंपडून दाबलेल्या मातीवर, चिखलावर आणि मिळाल्यास मॅटवर करा. थोड्या पाण्याने मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतात आणि जास्त पाण्याने सुटतात. म्हणून आकडा आधी वाढतो की कमी होतो, याचा अंदाज प्रयोगाआधीच वहीत लिहून ठेवा. प्रत्येक मोजमाप पाच वेळा घ्या आणि सरासरी काढा. झिजलेल्या तळाचा बूट व नवा बूट यांची तुलनाही करा.

तुमचे तक्ते पोस्टाने पाठवा. माती कोणत्या गावची आहे, काळी की तांबडी, तेही लिहा.