मासा पंचांग पाहत नाही

बाजारात गेलात की एखादं पापलेट उचला आणि शेजारी साधं बॉलपेन धरा. मासा पेनापेक्षा चांगलाच आखूड भरला, तर तो समुद्रातच राहायला हवा होता. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने 54 जातींची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट 135 मिलिमीटर, बांगडा 110, बोंबील 180, सुरमई 370. याहून लहान मासा पकडायचा नाही आणि विकायचाही नाही. त्याच वर्षी पापलेटाला राज्यमाशाचा मानही मिळाला. असे नियम असूनही टोपली का हलकी होते, हे समजायला आधी पाण्याखाली उतरावं लागतं.

समुद्रात उजेड वर असतो आणि खत खाली. मेलेले जीव, विष्ठा, कुजकं सगळं बुडून तळाकडे जातं. माशांच्या अन्नसाखळीची सुरुवात ज्या सूक्ष्म वनस्पतींपासून होते, त्यांना मात्र दोन्ही लागतं. पावसाळ्यात केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याला वाऱ्यामुळे वरचं पाणी खोल समुद्राकडे सरकतं आणि त्याच्या जागी खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. पाणी हिरवट होतं. तारली याच हिरवाईवर वाढते, आणि तारलीवर मोठे मासे.

आता या पाण्याला ऊब द्या. 1951 ते 2015 या काळात हिंदी महासागराच्या उष्ण कटिबंधातल्या भागाचं पृष्ठभागाचं तापमान सुमारे 1 अंशाने वाढलं. एक अंशाचं काय एवढं, असं वाटेल. पण कोमट पाणी हलकं असतं. दुधावर साय धरावी तसं ते वर थर धरून बसतं आणि खालचं खत वर येणं अवघड होतं. शिवाय कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, तर माशाची गरज त्याच वेळी वाढते. मासा शीतरक्ताचा. पाणी तापलं की त्याचं शरीरही तापतं, श्वास वाढतो, भूक वाढते. अरबी समुद्रात थोडं खोल गेलं की प्राणवायू मुळातच फार कमी, त्यामुळे खाली सरकून गारवा शोधायलाही जागा थोडी.

मग मासा आडवा सरकतो. तारली 1980 च्या दशकापर्यंत मुख्यत्वे 8 ते 14 अंश उत्तर अक्षांशांत, म्हणजे केरळ आणि दक्षिण कर्नाटकाच्या पट्ट्यात मिळे. पुढे ती उत्तरेकडे, महाराष्ट्र आणि गुजरातच्या पाण्यातही दिसू लागली. बांगड्याचंही तसंच झालं. हे ऐकून आपल्याकडे आनंद व्हावा, पण मूळ गावची गोष्टही ऐका. केरळात 2012 साली जवळपास 4 लाख टन तारली मिळाली होती. 2021 साली मिळाली 3,297 टन. त्यात बिघडलेल्या हवामानाचा हात होता, तसा लहान पिल्लं उपसणाऱ्या जाळ्यांचाही. पुढच्या वर्षांत तारली पुन्हा वाढली, कारण ती वर्षभरातच वयात येते. पण त्यासाठी वयात येण्याइतकी पिल्लं शिल्लक राहावी लागतात.

हवामानाचा दुसरा फटका माशाला नाही, होडीला बसतो. 2019 मध्ये अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. ऑक्टोबरअखेरीस ‘क्यार’ शमलं नव्हतं तोच ‘महा’ उभं राहिलं. ऐन हंगामात होड्या बंदरात नांगरून पडल्या. त्या वर्षी महाराष्ट्रात सुमारे 2 लाख टन मासे उतरले, 45 वर्षांतले सर्वांत कमी. मासा पाण्यात असला, तरी होडी सुटली नाही तर तो टोपलीत येत नाही. अवकाळी पाऊस आला की वाळत घातलेले बोंबील कुजतात, तो तोटा वेगळाच.

या सगळ्यावर माणसाच्या हाती काय? कधी, कुठे, कशाने आणि केवढा, एवढ्या चार गोष्टी ठरवणं. युरोपात अनेक ठिकाणी जातीनुसार ‘इतके टन पकडा’ असा वाटा ठरतो. आपल्याकडे ट्रॉलच्या, म्हणजे होडीमागून ओढल्या जाणाऱ्या जाळ्याच्या, एका ओढीत डझनावारी जाती येतात, त्यामुळे तसं मोजून देणं कठीण. म्हणून इथे भर या चार गोष्टींवर.

कधी: पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै बंदी. कुठे: किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत नियम राज्याचे, पुढे केंद्राचे. कशाने: थव्याला वेढा घालून खालून आवळणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर 2016 पासून राज्यात कडक बंधनं, एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्याला 2017 पासून केंद्राची मनाई. केवढा: सुरुवातीला पाहिलेली किमान लांबी.

पण लांबी तर मासा वर काढल्यावर कळते, आणि तोवर तो मेलेला असतो. खरी निवड पाण्यातच व्हायला हवी, आणि ती करते जाळ्याची आस, म्हणजे विणीतलं भोक. ट्रॉलच्या शेपटाला पिशवी असते. तिची आस शंकरपाळ्यासारखी असेल, तर जाळं ओढताना ताण बसून ती मिटते आणि पिल्लं आत अडकतात. तीच आस चौकोनी विणली, तर ओढतानाही उघडी राहते आणि पिल्लू निसटून जातं. म्हणून ट्रॉलच्या पिशवीला 40 मिलिमीटरच्या चौकोनी आसेचा नियम आहे. सुताची दिशा बदलली की पुढच्या हंगामाचा मासा वाचतो.

गोम उरते ती पहिल्या कलमात, ‘कधी’मध्ये. बंदी तारखेला बांधलेली आहे, अंडी पाण्याच्या तापमानाला. चेन्नईजवळ राणीमाशाने अंडी घालण्याचा काळ उष्ण महिन्यांतून गार महिन्यांकडे सरकवल्याचं शास्त्रज्ञांना दिसलं आहे. मासा सरकला आणि तारीख जागच्या जागी राहिली, तर बंदी कागदोपत्री शंभर टक्के पाळूनही अंड्यावरचा मासा जाळ्यात येईल. आपले कोळी दर्या नारळी पौर्णिमेला खुला करत आले, सरकार 1 ऑगस्टला करतं. या दोन्हींपैकी कुठली तारीख माशाच्या जवळची, हे वाद घालून ठरणार नाही. बंदरावर उतरणारे मासे दरमहा मोजून, पोट चिरून, गाबोळी कितपत पिकली आहे ते पाहूनच ठरेल. संशोधन संस्थांचे लोक हे काम वर्षानुवर्षं करतात. नियम मात्र त्यांच्या नोंदींच्या मागून, सावकाश चालतो.

तीच नोंद आपल्या ओट्यावरही होत असते. पापलेट साफ करताना गाबोळी निघाली, तर ती तव्यावर टाकण्याआधी एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहा. महिना कोणता आहे?