भारतीय क्रिकेट संघाचा इंग्लंड दौरा, १९११
भारतीय क्रिकेट संघाचा इंग्लंड दौरा, १९११ : अखिल भारतीय म्हणून निवडलेल्या पहिल्या क्रिकेट संघाचा परदेश दौरा. तो १९११ च्या जून ते ऑगस्ट या काळात झाला. या सामन्यांना कसोटीचा दर्जा नव्हता. भारताचा पहिला कसोटी सामना त्यानंतर २१ वर्षांनी, १९३२ मध्ये लॉर्ड्सवर झाला.

यापूर्वी मुंबईच्या पारशी खेळाडूंनी १८८६ व १८८८ मध्ये इंग्लंडचे दौरे केले होते. पहिल्या दौऱ्यातील २८ सामन्यांपैकी त्यांना एकच जिंकता आला. दुसऱ्यात मात्र ३१ पैकी आठ सामने त्यांनी जिंकले. ते संघ एकाच जमातीचे होते. १९११ च्या संघात पारशी, हिंदू, मुसलमान व शीख असे सर्व खेळाडू होते. मुंबईतील क्रिकेट त्या काळी जमातवार जिमखान्यांत विभागलेले असल्याने अशी एकत्र निवड ही नवी गोष्ट होती. कर्णधारपद पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग यांच्याकडे होते.

या संघातील सर्वांत यशस्वी खेळाडू पालवणकर बाळू हे होत. चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू हे डावखुरे मंदगती गोलंदाज होते. पुण्यात यूरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखणे व गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्यांचे काम होते. जे. जी. ग्रेग यांसारख्या निष्णात फलंदाजाला सतत गोलंदाजी करूनच त्यांचा हात तयार झाला. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळावयास घेतले. परंतु मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू हाताळणारे सहकारी चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत. मुंबईस आल्यावर ते हिंदू जिमखान्याच्या संघाचे आधारस्तंभ बनले.

दौऱ्याचा पूर्वार्ध निराशाजनक ठरला. इंग्लिश खेळपट्ट्यांचा व कसलेल्या व्यावसायिक गोलंदाजांचा सराव नसल्याने भारतीय फलंदाज लवकर बाद होत. पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहण समारंभाचे ते वर्ष असल्यामुळे महाराज मोजकेच सामने खेळले. आणि त्यांच्या पदरी असलेले उत्कृष्ट फलंदाज के. एम. मिस्त्री यांचाही संघाला पुरेसा लाभ झाला नाही. जुलैमध्ये लेस्टरशर व सॉमरसेट या काउंटी संघांवर विजय मिळाले. सॉमरसेटविरुद्धचा सामना केवळ एक गडी राखून जिंकला गेला. त्यात बाळूंचे धाकटे बंधू शिवराम यांनी नाबाद शतक काढले. एकूण २३ सामन्यांपैकी सहा जिंकले, १५ गमावले व दोन अनिर्णित राहिले; त्यांपैकी प्रथम दर्जाच्या १४ सामन्यांत दोन विजय, दहा पराभव व दोन अनिर्णित अशी फलनिष्पत्ती होती.

बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी सरासरी १८·८४ धावांत घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ गडी बाद केले. संघ हरत असता एकाच गोलंदाजाने मिळविलेले हे यश तेव्हा त्यांचे वय पस्तिशीच्या आसपास असल्याने अधिकच लक्षणीय ठरते.

संघाच्या दृष्टीने अपयशी ठरलेल्या या दौऱ्याचे सामाजिक फलित मोठे होते. देशाच्या नावाने खेळणाऱ्या संघात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील दोघे बंधू होते, आणि संघाची लाज प्रामुख्याने त्यांनीच राखली. मुंबईस परतल्यावर बाळूंचा दलित समाजातर्फे सत्कार झाला. तथापि गुणवत्ता मान्य होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना नाकारले गेले. याच्या निषेधार्थ १९२० मध्ये शिवराम व विठ्ठल या बंधूंनी संघातून अंग काढून घेतले. परिणामी बाळूंना उपकर्णधार नेमावे लागले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. बाळूंनी पुढे १९३२ च्या पुणे करारावर स्वाक्षरी केली. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.

[ → क्रिकेट, पुणे करार ].