हात कामात, हुकूम तोंडी

शिवणयंत्रावर बसलेल्या कारागिराचे दोन्ही हात कापडात गुंतलेले असतात, आणि नेमके तेव्हाच गिऱ्हाईक माप सांगते किंवा कुणाची उधारी आठवते. अशा वेळी मोबाईलला नुसते तोंडाने सांगून काम होत असेल तर कुणाला नको आहे? हेच पाहण्यासाठी आम्ही मागे एका परिचित शिंपी बांधवाच्या दुकानात दोन दिवस बसलो.

या सोयीला व्हॉइस असिस्टंट म्हणतात. आपण बोलका मदतनीस म्हणू. अ‍ॅपलने २०११ साली फोनमध्ये सिरी दिली, अ‍ॅमेझॉनने २०१४ मध्ये अलेक्सा आणली. गूगलच्या असिस्टंटला २०१८ मध्ये मराठी येऊ लागले आणि हा विषय आपल्या बाजारपेठेतही आला. (काउंटरवर 'इतके रुपये मिळाले' असे ओरडणारा साधा डबा मात्र यात मोडत नाही. तो नुसता बोलतो, ऐकत नाही.)

मदतनीसाचा माइक उघडाच असतो, पण तो फक्त ठरलेल्या हाकेची वाट पाहत असतो. हाक येईपर्यंतचे बोलणे क्षणभर धरून तो पुसून टाकतो. हाक मिळाली की पुढचे वाक्य बहुधा इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जाते. तेथे आवाजाचे अगदी बारीक तुकडे पाडून, कोणता शब्द असण्याचा संभव जास्त, याचा अंदाज बांधतात. हा अंदाज असंख्य लोकांच्या बोलण्यावरून शिकवलेला असतो. ज्यांची बोली त्या शिकवणीत कमी आली, त्यांच्या बाबतीत तो अधिक चुकतो. मराठी, हिंदी, उर्दू एकाच वाक्यात मिसळणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावे.

"उद्या अकरा वाजता अस्तर आणायची आठवण कर," असे आमच्या शिंपी बांधवाने सांगितले, ते बिनचूक झाले. गुणाकारही झटक्यात. मग त्यांनी घाऊक व्यापाऱ्याला पाठवायचा निरोप बोलून लिहविला: "पावणेदोनशे मीटर." पडद्यावर उमटले दोनशे. शेजारच्या यंत्राची घरघर होती, त्यात 'पावणे' गळाले. न वाचता निरोप गेला असता तर २५ मीटर कापड गळ्यात पडले असते. आता ते 'एकशे पंचाहत्तर' म्हणतात, आणि वाचूनच पाठवतात.

दुसरी गोष्ट भावाच्या बोलणीची. हाक दिली नसतानाही यंत्र कधी कधी चुकून जागे होते. सुधारणेसाठी काही ध्वनिमुद्रणे नोकरमाणसांना ऐकवली जात होती, हे २०१९ साली ॲमेझॉन, गूगल आणि अ‍ॅपल या तिघांच्याही बाबतीत उघड झाले. अ‍ॅपलने त्याबद्दल माफीही मागितली. कुणी दिवसभर आपल्याच दुकानाला कान लावून बसले आहे, असा याचा अर्थ नव्हे. तरी सौदा चालू असताना माइकचे बटण बंद करण्यास काय जाते? साठलेली ध्वनिमुद्रणे आपल्या खात्यात जाऊन पुसताही येतात. पिन व ओटीपी तर तोंडाने उच्चारूच नयेत. मदतनीसाचे सोडा, समोरचे गिऱ्हाईकही ऐकते.

त्या दुकानात काजे-बटणाचे काम करणारे एक वयस्क चाचा आहेत. लिहिता येत नाही म्हणून ते गावी निरोप दुसऱ्याकडून लिहवून घेत. आता स्वतः बोलून लिहवतात, फोनकडून वाचवून घेतात, एखादे नाव चुकले तर पुन्हा बोलतात, आणि मगच पाठवायला सांगतात.