विश्लेषण : दिवे सुरू, पंखेही सुरू, तरी १२ मृत्यू... वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात जनरेटरवर नेमके काय चालले पाहिजे?

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात २०१७ मध्ये चक्रीवादळानंतर एका शुश्रूषा केंद्रातील १२ वृद्धांचा उष्म्याने बळी गेला. त्या इमारतीची वीज पूर्णपणे गेलेली नव्हती. बंद पडली होती ती फक्त वातानुकूलन यंत्रणा. पर्यायी विजेचे नियम जनरेटर असण्याची सक्ती करत होते, पण त्यावर गारवा टिकला पाहिजे असे सांगत नव्हते. या दुर्घटनेनंतर फ्लोरिडाने नियम बदलले. ते काय आहेत आणि आपल्यासाठी त्यात काय धडा आहे, याविषयी...

नेमके काय घडले होते?

‘इर्मा’ चक्रीवादळ १० सप्टेंबर २०१७ रोजी फ्लोरिडावर आदळले. त्याच दिवशी हॉलिवूड या शहरातील ‘रिहॅबिलिटेशन सेंटर अॅट हॉलिवूड हिल्स’ या दुमजली शुश्रूषा केंद्राच्या एसीला वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बिघाड झाला. (हे हॉलिवूड फ्लोरिडातील मायामीजवळचे, चित्रपटांचे नव्हे.) इमारतीतील बाकीचा वीजपुरवठा सुरू होता. कर्मचाऱ्यांनी पंखे लावले, ठिकठिकाणी फिरते कूलर ठेवले आणि वीज कंपनीकडे पाठपुरावा सुरू केला. दुरुस्ती मात्र झाली नाही.

तिसऱ्या रात्री परिस्थिती हाताबाहेर गेली. १३ सप्टेंबरच्या पहाटेपासून एकेक रुग्ण अत्यवस्थ होऊ लागला. अखेर १४० हून अधिक जणांना बाहेर काढावे लागले. काहींच्या शरीराचे तापमान १०७ अंश फॅरनहाइटच्याही वर गेले होते. उष्म्याशी संबंधित मृतांचा आकडा पुढे १२ वर पोहोचला. सर्वात बोचणारी बाब म्हणजे शेजारीच एक मोठे रुग्णालय होते आणि तिथे वीज होती.

अमेरिकेत ‘नर्सिंग होम’ म्हणजे आपल्याकडच्यासारखे डॉक्टरांचे छोटे रुग्णालय नव्हे. स्वतःचे स्वतः करू न शकणारे वृद्ध आणि दीर्घकाळ आजारी असलेले लोक तिथे महिनोन्महिने, वर्षानुवर्षे राहतात.

उष्म्याचा धोका वृद्धांनाच जास्त का?

वय वाढते तशी घाम येण्याची आणि शरीर थंड ठेवण्याची क्षमता कमी होते. तहानेची जाणीवही मंदावते. रक्तदाब, हृदयविकार, मानसिक आजार यांवरील काही औषधे यात भर घालतात. अंथरुणाला खिळलेला किंवा स्मृतिभ्रंश झालेला माणूस ‘मला फार उकडते आहे’ हेही सांगू शकत नाही. पंखा हवा फिरवतो, ती थंड करत नाही. फिरत्या एसीचेही तसेच. त्याची गरम हवा इमारतीबाहेर सोडली नाही, तर एका कोपऱ्यात गारवा आणि बाकी इमारतीत उष्मा अशी स्थिती होते.

जनरेटर असूनही एसी बंद कसा?

ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे, त्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. लाइट गेली की ट्यूबलाइट आणि पंखा चालतो, एसी आणि गिझर चालत नाही. कारण घरात वायरिंग करतानाच कोणती लाइन इन्व्हर्टरवर घ्यायची हे ठरवलेले असते. मोठ्या इमारतीतही तसेच होते. जनरेटर ही एक बाजू झाली. त्याच्यावर कोणत्या लाइन जोडल्या आहेत, ही दुसरी. हॉलिवूड हिल्समध्ये जनरेटर होता, मात्र मुख्य एसी त्याला जोडलेला नव्हता. आणि तो जोडण्याची सक्ती तेव्हाच्या नियमांत नव्हती.

वीज संहिता काय सांगते?

अमेरिकेतील ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’ म्हणजे ‘एनएफपीए ७०’. त्यातील ५१७ वे कलम आरोग्यसेवा देणाऱ्या इमारतींसाठी आहे. त्याच्या जोडीला दोन संहिता येतात. ‘एनएफपीए ९९’ आरोग्यसेवा इमारतींसाठी आणि ‘एनएफपीए ११०’ पर्यायी वीज यंत्रणेसाठी. या संहितांचा पाया एकच आहे : सगळी वीज सारख्या महत्त्वाची नसते.

म्हणून मोठ्या रुग्णालयातील अत्यावश्यक वीज तीन शाखांत विभागली जाते. पहिली जीवसुरक्षा शाखा. तिच्यावर बाहेर पडण्याच्या मार्गावरील दिवे, आगीची सूचना देणारी यंत्रणा अशा गोष्टी असतात. दुसरी रुग्णसेवेची शाखा. अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह यांतील ठरावीक दिवे आणि प्लग तिच्यावर चालतात. तिसरी यंत्रसामग्रीची शाखा. तिच्यावर मोठी यंत्रे असतात. पहिल्या दोन शाखांना मुख्य वीज गेल्यापासून १० सेकंदांत पुरवठा मिळालाच पाहिजे. तिसरीवरील यंत्रे त्यानंतर टप्प्याटप्प्याने सुरू केली तरी चालतात, कारण सगळा भार एकदम आला तर जनरेटर बसू शकतो. कोणता प्लग जनरेटरवर आहे हे परिचारिकेला अंधुक उजेडातही कळावे, म्हणून त्याला वेगळा रंग देतात. तो बहुधा लाल असतो.

किती कडक व्यवस्था हवी, हे इमारतीच्या नावावर नाही तर धोक्यावर ठरते. वीज गेल्याने मृत्यू किंवा गंभीर इजा होण्याची शक्यता असेल, तर सर्वात कडक श्रेणी लागू होते. व्हेंटिलेटरसारखी जीवरक्षक यंत्रे नसलेल्या केंद्रांना तुलनेने साधी व्यवस्था पुरते. नेमकी इथेच फट राहिली. थंड प्रदेशात रुग्णांच्या खोल्या उबदार ठेवण्याचा विचार या नियमांत होता, खोल्या थंड ठेवण्याची सक्ती मात्र नव्हती.

केंद्र सरकारचे नियम नव्हते का?

होते. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार शुश्रूषा केंद्रांत ७१ ते ८१ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २२ ते २७ अंश सेल्सिअस तापमान राखणे अपेक्षित आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये आपत्कालीन सज्जतेचा नवा नियमही आला. रहिवाशांच्या सुरक्षिततेसाठी योग्य तापमान, आपत्कालीन दिवे, आगीची सूचना यंत्रणा आणि सांडपाण्याचा निचरा यांसाठी पर्यायी ऊर्जेची सोय हवी, असे तो सांगतो. पण त्याच्या पालनाची मुदत होती १५ नोव्हेंबर २०१७. दुर्घटना त्याच्या दोन महिने आधी घडली. शिवाय गारव्यासाठी जनरेटरच हवा, असे या नियमातही म्हटलेले नाही. ‘सोय’ म्हणजे काय, हे बऱ्याच अंशी केंद्रावरच सोडलेले आहे.

फ्लोरिडाने काय बदलले?

दुर्घटनेनंतर तीन दिवसांतच राज्याच्या गव्हर्नरांनी तातडीचे नियम जाहीर केले आणि जनरेटर बसवण्यासाठी ६० दिवसांची मुदत दिली. केंद्रचालकांच्या संघटना त्याविरोधात गेल्या आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रशासकीय न्यायाधीशांनी ते तातडीचे नियम अवैध ठरवले. त्यानंतर राज्याच्या विधिमंडळाने मार्च २०१८ मध्ये कायमस्वरूपी नियमांना मंजुरी दिली.

या नियमांचे वैशिष्ट्य म्हणजे ते यंत्राऐवजी परिणाम मोजतात. मुख्य वीज गेल्यावर किमान ९६ तास, म्हणजे चार दिवस, ठरावीक जागेतील तापमान ८१ अंश फॅरनहाइटच्या वर जाता कामा नये. संपूर्ण इमारत थंड ठेवण्याची अट नाही. शुश्रूषा केंद्रात माणशी ३० चौरस फूट, म्हणजे एका खाटेला आणि तिच्या बाजूला पुरेल एवढी जागा गार राहिली तरी पुरते. रहिवाशांना एका मोठ्या दालनात एकत्र आणूनही हे साधता येते. शुश्रूषा केंद्रांना ७२ तासांचे इंधन आवारातच ठेवावे लागते. सहाय्यित निवासांसाठी, म्हणजे थोड्या मदतीने राहू शकणाऱ्या वृद्धांच्या निवासांसाठी, जागेचे आणि इंधनाचे निकष थोडे सौम्य आहेत. १६ किंवा त्याहून कमी खाटांच्या निवासांना ४८ तासांचा साठा चालतो.

विरोध कशासाठी होता?

खर्चासाठी आणि मुदतीसाठी. एसीचा भार उचलणारा जनरेटर दिवे-पंख्यांच्या जनरेटरपेक्षा कितीतरी मोठा लागतो. त्याला जागा, इंधनाची टाकी, नवे चेंजओव्हर पॅनल, नवी केबल आणि अग्निशमनासह अनेक परवानग्या लागतात. दोन महिन्यांत हे होणे कठीण, हे केंद्रचालकांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. छोट्या निवासांचा खर्च शेवटी रहिवाशांच्याच शुल्कात जातो, हाही मुद्दा होता.

दुसऱ्या बाजूला किंमत जिवाची आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘इर्मा’च्या तडाख्यात सापडलेल्या फ्लोरिडातील शुश्रूषा केंद्रांची तुलना वादळ नसलेल्या २०१५ शी केली गेली. वादळानंतरच्या ३० दिवसांत २६२, तर ९० दिवसांत ४३३ मृत्यू जादा झाल्याचे त्यात आढळले. म्हणजे बातम्यांत आले ते १२ मृत्यू, पण वादळाची झळ त्याहून खूप खोल होती.

जनरेटर बसवला की काम संपले का?

नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘सँडी’ वादळात न्यूयॉर्कच्या एका नामवंत रुग्णालयात पर्यायी वीज बंद पडली. कारण तळघरात पाणी शिरले आणि इंधन यंत्रणा निकामी झाली. सुमारे ३०० रुग्णांना जिन्यावरून खाली आणावे लागले. त्यात नवजात शिशूही होते. यंत्रणेची साखळी तिच्या सर्वात सखल कडीइतकीच भक्कम असते. टाकी, पंप, पॅनल आणि जनरेटर यांतले एक जरी पाण्यात गेले, तरी बाकीचे निरुपयोगी ठरतात.

म्हणून ‘एनएफपीए ११०’ चाचणीवर भर देते. जनरेटरची दर आठवड्याला पाहणी आणि दर महिन्याला किमान ३० मिनिटे भार देऊन चाचणी करावी लागते. डिझेल जनरेटरवर हा भार साधारणपणे त्याच्या क्षमतेच्या किमान ३० टक्के हवा. नुसता रिकामा चालवला, तर इंधन नीट जळत नाही, काजळी साचते आणि ऐन वेळी यंत्र दगा देते. सर्वात कडक श्रेणीतील जनरेटरची दर ३६ महिन्यांनी चार तासांची चाचणीही असते.

जबाबदारी कोणाची ठरली?

हॉलिवूड हिल्सचा परवाना राज्याने रद्द केला. २०१९ मध्ये प्रशासक आणि तीन परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. परिचारिकांवरील आरोप पुढे मागे घेण्यात आले, तर प्रशासकाची २०२३ मध्ये न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली. फौजदारी शिक्षा कोणालाही झाली नाही. मृतांच्या कुटुंबीयांसाठी हा शेवट कडू होता. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. माणसांच्या समयसूचकतेवर सोडलेली सुरक्षितता कोलमडली की दोष नेमका कोणाचा, हे ठरवणेही अवघड जाते. त्यामुळे ती आधीच वायरिंगमध्ये आणि नियमात असावी लागते.

महाराष्ट्रासाठी यात काय?

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई महानगरातील वीज गेली, लोकल थांबल्या. करोनाचा काळ होता. त्या दिवशी महापालिकेने रुग्णालयांना किमान आठ तास पुरेल इतके डिझेल ठेवण्यास सांगितले. म्हणजे ‘किती तास?’ हा प्रश्न आपल्याकडेही विचारला गेला, तो संकट आल्यावर.

भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय विद्युत संहिता आणि राष्ट्रीय इमारत संहिता यांत अशा इमारतींच्या वीज व्यवस्थेचा विचार आहे. मात्र या संहिता मुळात मार्गदर्शक आहेत. एखादा नियम किंवा स्थानिक उपविधी त्यांना आपल्यात सामावून घेतो, तेव्हाच त्या बंधनकारक ठरतात. दरम्यान पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरसारख्या शहरांत मुले परगावी किंवा परदेशी असलेल्या वृद्धांसाठी शुश्रूषा केंद्रे उभी राहत आहेत. विदर्भातला उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो आणि वादळी पावसात वीज जाणे नवे नाही.

कुटुंबीयांनी काय विचारावे?

आई-वडिलांसाठी केंद्र पाहायला गेलेले बहुतेक जण ‘जनरेटर आहे का?’ असे विचारतात आणि ‘आहे’ हे उत्तर ऐकून पुढे जातात. हॉलिवूड हिल्समध्येही उत्तर ‘आहे’ असेच मिळाले असते. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. जनरेटरवर काय काय चालते? ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सक्शन, हवेची गादी, लिफ्ट, पाण्याचा पंप आणि निदान एक गार दालन त्यावर आहे का? डिझेल किती तासांचे आहे आणि रात्री संपले तर कोण आणणार? भार देऊन शेवटची चाचणी कधी झाली, त्याची नोंदवही दाखवता का? जनरेटर आणि पॅनल पावसाच्या पाण्यापासून उंचावर आहेत का? आणि सर्वात महत्त्वाचे, खोली तापू लागली तर रहिवाशांना हलवण्याचा निर्णय कोण घेणार, किती वेळात?

यातल्या एकाही प्रश्नासाठी अभियंता असण्याची गरज नाही.