शाळेच्या ग्रंथालयाचें मोजमाप

आपल्या शाळेंत ग्रंथालय आहे काय, असें विचारलें तर 'नाहीं' म्हणणारा मुख्याध्यापक आज क्वचितच भेटेल. प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावें, तेथें वर्तमानपत्रें, नियतकालिकें आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांचीं पुस्तकें असावींत, असें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांतच सांगितलें आहे. तेव्हां कपाट आहे, कपाटांत पुस्तकें आहेत, आणि कागदोपत्रीं ग्रंथालयही आहे. परंतु कायदा येथवरच येऊन थांबतो. तें ग्रंथालय कितपत चांगलें, हें ठरविण्याच्या ज्या कसोट्या आहेत त्या बहुतेक ऐच्छिक आहेत. शाळा त्यांना उतरली नाहीं तर दंड नाहीं, आणि उतरली तर बक्षीसही नाहीं. या कसोट्या आपल्या शाळेला प्रामाणिकपणें कशा लावाव्यात, याविषयीं श्रोत्यांशीं थोडें बोलावयाचें आहे.

पहिली कसोटी संख्येची. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें युनेस्कोसह २००२ सालीं शालेय ग्रंथालयांसाठीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. दर विद्यार्थ्यामागें दहा पुस्तकें असावींत, आणि शाळा कितीही लहान असली तरी निदान अडीच हजारांचा संग्रह असावा, असें त्यांत म्हटलें होतें. आतां हें माप घेऊन आमच्या रेवसकडे या. धरमतर खाडीच्या मुखाशीं वसलेलें हें बंदर. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनें आलेल्या मुंबईकरांस तें ठाऊक असेल. या बाजूला तीस-चाळीस मुलांची प्राथमिक शाळा म्हणजे कांहीं नवल नव्हे. २०१८ सालीं सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेंत प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठीं वर्षाला पांच हजार रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. शंभर रुपयांस एक पुस्तक धरलें तर वर्षाला पन्नास पुस्तकें येतील. अडीच हजारांचा संग्रह व्हावयास पन्नास वर्षें लागतील! म्हणून संख्येची कसोटी टाकाऊ आहे असें मी म्हणत नाहीं. दर मुलामागें दहा पुस्तकें हा पहिला भाग आमच्या शाळांनाही गांठतां येण्याजोगा आहे. दुसऱ्या भागासाठीं मात्र शाळेला नापास ठरविणें म्हणजे होडीला आगबोटीच्या मापानें मोजणें होय.

दुसरी कसोटी आपल्याच देशांतली. २०१५ सालीं दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षिक नियोजन व प्रशासन विद्यापीठानें 'शाळासिद्धि' हा स्वयंमूल्यमापनाचा उपक्रम सुरू केला. सात क्षेत्रें, शेचाळीस मानकें, आणि प्रत्येक मानकासाठीं तीन पायऱ्या. आपण कोणत्या पायरीवर आहों हें शाळेनेंच लिहावयाचें. ग्रंथालय हें त्यांतील एक मानक. येथें एक गोष्ट मला मनापासून आवडली. ग्रंथालयाबद्दल दोन निरनिराळे प्रश्न विचारले होते: तें आहे काय व पुरेसें आहे काय, हा एक, आणि त्याचा दर्जा व उपयोग काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर कपाट पाहून देतां येतें. दुसऱ्याचें उत्तर देण्यासाठीं काय पाहावें?

माझ्या मतें देवघेव नोंदवही पाहावी. दाखल नोंदवहींत किती पुस्तकें आलीं तें कळतें. देवघेव नोंदवहींत तीं कोणाच्या घरीं गेलीं तें कळतें. डॉ. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे जे पांच नियम मांडले, त्यांतील पहिलाच नियम पुस्तकें वापरासाठीं आहेत, हा आहे. नोंदवहीचीं मागचीं दोन-तीन पानें उलटा. तारखा सलग आहेत कीं तपासणीच्या आठवड्यांतच दाटल्या आहेत? नांवें चार हुशार मुलांचींच आहेत कीं शेवटच्या बाकावरच्या मुलांचींही आहेत? मग पुस्तकेंही हातांत घ्या. कोळीवाड्यांतून परत आलेल्या पुस्तकाला सुकटीचा वास आणि पानाला बोटांचे डाग असले, तर कपाळाला आठ्या घालूं नका. तें पुस्तक चुलीशेजारीं वाचलें गेलें आहे. कोऱ्या करकरीत पुस्तकांची रांग पाहून मला मात्र धडकी भरते.

पुस्तकें कोरीं कां राहतात? शिक्षक आळशी असतात म्हणून नव्हे; पुस्तक हरवलें तर भरून कोणी द्यावयाचें, ही भीति मोठी असते. मी ज्या शाळांतून काम केलें त्यांपैकीं एकींत कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या जानव्याला असते, असा विनोद चाले. किल्ली दिली नाहीं तर हिशेब नेहमींच जुळतो! या भीतीवरचा उतारा सरकारी नियमांतच आहे, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणें, ग्रंथालयांतून वर्षभरांत दिलेल्या किंवा पाहिलेल्या दर हजार ग्रंथांमागें पांच ग्रंथ गहाळ झाले, तर ती हानि वाजवी मानावी. अप्रामाणिकपणा वा हयगय नसावी, आणि हजार रुपयांवरील किंवा दुर्मिळ ग्रंथ असल्यास चौकशी व्हावी, इतकेंच. तीस मुलांनीं चाळीस आठवडे दर आठवड्यास एक पुस्तक नेलें तर बाराशें वेळां देवघेव होते. म्हणजे सहा पुस्तकें गेलीं तरी गुरुजींना मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. हा नियम खेड्यांतील शाळेवर बंधनकारक नाहीं, हें खरें. पण संस्थाचालकांनीं तसा ठराव स्वेच्छेनें केला तर त्यांना अडविणार कोण? ऐच्छिक कसोट्यांचा विषय निघतो तेव्हां ही कसोटी प्रथम चालकांना लावावी.

किनाऱ्यावर आणखी एक शत्रु आहे, तो दमट हवेचा. बंद कपाटांत पावसाळ्यानंतर बुरशी, कसर आणि वाळवी यांचें राज्य असतें. कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावें, खालीं विटा द्याव्यात, आणि पावसाळा सरल्यावर पुस्तकांना सावलींतला वारा द्यावा. रोज उघडणाऱ्या कपाटाला ही कसर फारशी लागत नाहीं.

शहरांतील पालकांनीं मात्र आपल्या मुलांच्या शाळा या बाबतींत आपोआप पुढें आहेत असें समजूं नये. तेथें कांचेची सुंदर खोली असते, आठवड्याला एक तास असतो, आणि पुस्तक घरीं न्यावयाची मनाई असते! पुढच्या पालकसभेंत खोली पाहून झाली कीं देवघेव नोंदवही मागा.

लहान शाळांसाठीं एक जुना मार्ग अजून उपयोगी पडेल. बडोद्याला सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालांस बोलाविलें, आणि पुढें पुस्तकांच्या लांकडी पेट्या खेडोपाडीं फिरूं लागल्या. रेवस, बोडणी, सासवणें आणि मांडवा हीं गांवें एकमेकांपासून फार लांब नाहींत. चार शाळांनीं शंभर-शंभर निराळीं पुस्तकें घेऊन दर तिमाहीस पेट्या बदलल्या, तर शंभरांच्या पैशांत प्रत्येक मुलाला वर्षांत चारशें पुस्तकें पाहावयास मिळतील. पेटी एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेण्यास एक रिक्षा पुरते.